गिटार घ्यायची, जुळवायची आणि पेटीबरोबर वाजवायची

कोल्हापुरात गिटार हातात दिसली की महिन्याभरात कुणीतरी विचारतंच, "आमच्या मंडळात येतोस का वाजवायला?" गल्लीतला गणपती, भजनी मंडळ, कॉलेजचं गॅदरिंग, बहिणीची हळद. वाजवायची जागा आधी मिळते, तयारी नंतर होते. गिटारचे बहुतेक धडे मात्र माणूस खोलीत एकटाच बसून वाजवणार असं धरून चाललेले असतात. इथल्या हौशी वादकाची गाठ पहिल्या वर्षीच पेटी, ढोलकी आणि "काळी एक द्या" म्हणणाऱ्या बुवांशी पडते. त्यामुळे सामान घेताना आणि शिकताना हा हिशेब डोक्यात ठेवलेला बरा.

आधी ठरवा, वाजवणार कुणाबरोबर

दुकानात शिरल्या शिरल्या "चांगली कंपनी कुठली?" असं विचारू नका. गाणाऱ्यांबरोबर वाजवायचं असेल तर स्टीलच्या तारांची अकूस्टिक घ्या. एकट्यानं, बोटांनी, सावकाश वाजवायची आवड असेल तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल. तिची मान रुंद असते, नटजवळ (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) साधारण 52 मिलिमीटर, तर अकूस्टिकची 43 च्या आसपास. लहान हातांना हा फरक लगेच जाणवतो. क्लासिकलवर चुकूनही स्टीलच्या तारा चढवू नका. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात जातो, नायलॉनचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. तो जादा भार ब्रिज, म्हणजे पोटावर चिकटवलेला तारा अडकवायचा लाकडी तुकडा, उपटून काढतो.

इलेक्ट्रिकची हौस असेल तर अ‍ॅम्प, केबल आणि पट्ट्याचे पैसे आधीच बाजूला काढा. घरात 10 ते 15 वॉटचा अ‍ॅम्प भरपूर होतो. हेडफोनचं भोक असलेला घेतलात तर शेजारीही सुखी. जुन्या वाड्यांत अर्थिंग नसलेल्या बोर्डावर अ‍ॅम्प लावू नका. एका हातात गिटार आणि ओठ माइकला, अशा वेळी मुंग्या आल्या तर ती थट्टा नव्हे. वाजवणं थांबवून आधी वायरमन बोलवा. आवाजाचा रंग बदलणाऱ्या पेडलचं पहिल्या वर्षी नावही काढू नका.

माझं मत विचाराल तर इथल्या दहापैकी आठ जणांना साधी अकूस्टिकच लागते. इलेक्ट्रो-अकूस्टिकचे, म्हणजे स्पीकरला जोडता येणाऱ्या अकूस्टिकचे, जादा पैसे स्टेज मिळाल्यावर घालावेत.

दुकानात जाताना खिशात स्टीलची पट्टी ठेवा

मिलिमीटरच्या खुणा असलेली, कंपासपेटीतली चालेल. फक्त तिचा शून्य अगदी टोकापासून सुरू व्हायला हवा. गिटार नवी असो की सेकंडहँड, ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि दुकानदाराला आवडो न आवडो, करायचीच.

अकूस्टिकच्या बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पट्टी उभी धरा आणि सगळ्यात जाड तारेचा खालचा काठ फ्रेटच्या माथ्यापासून किती वर आहे ते बघा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. सगळ्यात बारीक तार दोनच्या आसपास हवी. तीनच्या वर असेल तर नवशिक्याची बोटं सोलून निघतात आणि "मला जमत नाही" म्हणत गिटार कपाटावर जाते. जमत नसतं ते बरेचदा गिटारमुळे.

मग मान बघा. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं दाबा आणि मान जिथे पेटाऱ्याला मिळते तिथे, म्हणजे चौदाव्या फ्रेटवर, दुसऱ्या हातानं दाबा. सहाव्या-सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फटच नसेल तर मान मागे झुकलेली आहे; मोठी असेल तर पुढे. ट्रस रॉड, म्हणजे मानेतली लोखंडी सळई, चालू स्थितीत असेल तर दोन्ही दुरुस्त होतं, म्हणून अ‍ॅलन की लागते का, फिरते का, हे विचारून घ्या. स्वतः फिरवायची वेळ आली तर एका वेळी पाव वेढा, त्याहून जास्त नाही.

पुढे बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून घंटेसारखा येणारा सूर काढा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. दाबलेला चढा येत असेल तर त्या गिटारवर वरच्या फ्रेटचं काहीच सुरात येणार नाही, मग ती कितीही देखणी असो. शेवटी मानेच्या काठावरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं टोचतात का? उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि टोकं बाहेर येतात. मार्च ते मेमध्ये घेणार असाल तर हे जास्त जपून बघा.

दुकानदार "सॉलिड टॉप" म्हणाला तर गोल भोकाच्या कडेकडे बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर अखंड फळी. थर दिसले तर प्लायवूड. आणि प्लायवूड म्हणून नाक मुरडू नका. अखंड फळीचा आवाज मोकळा असतो हे खरं, पण ती हवेप्रमाणे फुगते-आकसते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल्या असतात. पहिल्या गिटारला प्लायवूडच जास्त निभावून नेतं.

किमतीचं म्हणाल तर तीन-चार हजारांच्या आतल्या बहुतेक गिटारी सेटअपवर आणखी पैसे मागतात. आठ ते बारा हजारांत, उदाहरणार्थ यामाहाच्या एफ मालिकेतली साधी गिटार, बरीच वर्षं साथ देते. सेकंडहँडसाठी परीक्षा संपायच्या सुमाराला वसतिगृहांत चौकशी करा. शेवटच्या वर्षाची मुलं गावी निघताना गिटार ओझं म्हणून काढून टाकतात. तिथेही पट्टी खिशातच.

सेटअप करून घ्या

नव्या गिटारचा सेटअप झालेला असतो हा समज सोडा. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून तारांची उंची उतरवणं, नटच्या खाचा खोल करणं, मान सरळ करणं, एवढंच काम असतं. पण त्यानं पाच हजारांची गिटार दहा हजारांची वाटू लागते. हे काम येणारा माणूस तुमच्या शिक्षकाला किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना माहीत असतो. दुकानाच्या काउंटरवर विचारण्यापेक्षा त्यांना विचारा.

जवळच मिरज आहे, जेमतेम पन्नास किलोमीटरवर. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारांखालचं हाड घासून सूर खुलवणाऱ्या, माणसाचा हात हाडावर किती हलका चालतो ते एकदा बघून यावं. गिटारचं सॅडल हे शेवटी त्याच जातीचं काम. ट्रस रॉड मात्र सतारीत नसतो, त्यामुळे मानेला हात लावण्याआधी "गिटार केलीय का?" हे स्पष्ट विचारायचं.

बाकीचं सामान

गिटारच्या टोकाला चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर, कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारांचा सूर एकदम चढवणारा चिमटा), तारा छेडायची मध्यम जाडीची दोन-चार पिकं, पट्टा, पावसातही चालणारी जाड बॅग. तारा सुरुवातीला 10 ते 47 किंवा 11 ते 52 गेजच्या, म्हणजे जाडीच्या, घ्या. 12 ते 53 चा आवाज भरदार असतो, पण तो बोटं घट्ट झाल्यावर. एक जादा संच बॅगेत ठेवा, कारण तार तुटते ती आरतीच्या ऐन मध्यावर. स्टँड, रंगीत दिवे असलेले पट्टे, तारांना लावायची महागडी तेलं यांवाचून काही अडत नाही.

कॅपोवर मात्र कंजुषी करू नका. इथल्या वादकाला ट्यूनरखालोखाल तोच लागतो. का, ते पुढे.

पावसाळ्यात गिटार सांभाळणं

गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. जुलैत कोल्हापुरात ती त्याच्या कितीतरी वर असते. लाकूड पाणी पितं, पोट फुगतं, तारा वर उचलल्या जातात, आणि जूनमध्ये मऊ वाटणारी गिटार गणपतीत कडक लागते. उपाय साधे आहेत: बाहेरच्या ओलावणाऱ्या भिंतीला टेकवू नका, वाजवून झालं की बॅगेत घाला, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदला. वाजवल्यावर जुन्या पंच्याच्या तुकड्यानं तारा वरून आणि खालूनही पुसा. घाम आणि दमट हवा मिळून तारांना आठवड्यात गंज आणतात. रोज वाजवणाऱ्यानं दोन-तीन महिन्यांनी तारा बदलाव्यात.

नदीच्या बाजूच्या पेठांत राहत असाल तर तळमजल्यावरच्या कॉटखाली गिटार ठेवूच नका. 2019 आणि 2021 च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, जागा माळ्यावर. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवून महाद्वार रोडला खरेदीला जाऊ नका, उष्णतेनं सरस सुटतो आणि ब्रिज उचलला जातो.

सुरुवात एका तारेवर

पहिल्याच दिवशी कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचा, तक्ता समोर घेऊ नका. तुमच्या कानात सरगम आधीच आहे, शाळेच्या प्रार्थनेपासून. ती एका तारेवर काढा. बारीक तार मोकळी सोडली की सा. दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी, बाराव्यावर वरचा सा. हाच बिलावल, हाच मेजर स्केल. म आणि नी वगळलेत, म्हणजे 0, 2, 4, 7, 9, 12 वाजवलंत, की भूप. मोकळी तार, मग 3, 5, 7, 10, 12 घेतलंत तर धानी. परदेशी धड्यांत याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात आणि ब्लूजचे बरेच सोलो त्यावरच उभे असतात. त्यातला प काढून आठव्या फ्रेटचा कोमल ध घ्या, मालकंस झाला.

हे वाजवताना फोनवर तानपुरा त्याच सुरात लावून ठेवा आणि प्रत्येक सूर तोंडानं म्हणा. म्हटल्याशिवाय वाजवायचं नाही. एक गोष्ट कानाला खटकेल: तानपुऱ्यासमोर गिटारचा शुद्ध ग किंचित चढा लागतो. ते बरोबर ऐकताय. फ्रेट समान अंतराच्या सप्तकावर ठोकलेले असतात आणि गवयाचा ग त्याहून जरासा खाली असतो. पेटीचंही तेच दुखणं. ज्या गावात शाहू महाराजांच्या आश्रयाला गवई अल्लादियाखाँसाहेब राहिले आणि जिथे देवल क्लब ही संगीतसंस्था 1883 पासून आहे, तिथे हा फरक दाखवणारं कुणीतरी श्रोत्यांत बसलेलं असतंच, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मग कॉर्ड, पण थोडे

ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी, ई, ए. पहिल्या तीन महिन्यांना एवढे पुरे. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापा. नख वाढलेलं असेल तर बोट तारेवर उभं राहत नाही आणि शेजारची तार मुकी होते. फ्रेटच्या पट्टीवर बोट ठेवायचं नाही, तिच्या अगदी मागे ठेवायचं. कॉर्ड धरला की सहाही तारा एकेक करून वाजवून बघा, कुठली बसलीय ते सापडतं. दोन कॉर्डच्या जोड्या करा, एक मिनिट लावा आणि किती वेळा स्वच्छ बदलता येतं ते मोजा. एफचा बारे कॉर्ड (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायचा) पहिल्या महिन्यात बसला नाही तर झोप उडवून घेऊ नका. कॅपो असताना तो वर्षभर टाळता येतो.

पट्टी समजून घ्या

इथून खरी गंमत. ही पट्टी म्हणजे मोजायची नव्हे, गाणाऱ्याचा सा ज्या सुरावर असतो ती. बुवा "सी शार्प" कधीच म्हणणार नाहीत. ते म्हणतील "काळी एक". पेटीवर सी पासून मोजलेली पहिली काळी पट्टी म्हणजे सी शार्प, दुसरी डी शार्प, तिसरी एफ शार्प, चौथी जी शार्प, पाचवी ए शार्प. पांढऱ्या सीपासून सुरू: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी पाच म्हणजे जी. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान.

आता हे गिटारवर उतरवायचं. तुम्हाला येणारे कॉर्डचे आकार तेच ठेवायचे, कॅपो सरकवायचा. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चे आकार. काळी दोनला तिसऱ्यावर सी चे आकार, किंवा पहिल्यावर डी चे. काळी तीनला दुसऱ्या फ्रेटवर ई चे. काळी चारला पहिल्यावर जी चे. काळी पाचला तिसऱ्यावर जी चे, किंवा पहिल्यावर ए चे. पांढरी चारला तिसऱ्यावर डी चे. हे कागदावर लिहून गिटारच्या बॅगेत चिकटवा. एकदा पाठ झालं की बुवांनी पट्टी सांगताच तुम्ही दोन सेकंदांत तयार, आणि मंडळात तुमची किंमत वाढली.

एक फसगत इथे होते. बुवा पट्टी सांगतात काळी एक आणि एखादी भैरवी मध्यमाला सा धरून गातात. तुमचे सी चे आकार सगळे बेसूर. घाबरायचं नाही, काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन, कॅपो दुसऱ्यावर, ई मायनरचे आकार. म्हणून पहिली ओळ ऐकेपर्यंत हात तारांवर ठेवून गप्प बसायची सवय लावा. पेटी काय धरतेय ते ऐका, मग शिरा.

दुसरं म्हणजे, ट्यूनर दाखवेल ते सूर आणि मंडळाची पेटी एकाच ठिकाणी असतील याची खात्री नसते. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. पेटी जागेवर जुळवता येत नाही, गिटार येते. पेटीचा एक लांब सूर मागा, एक तार त्याला लावा आणि बाकीच्या त्या तारेवरून लावून घ्या: पाचव्या फ्रेटवर दाबलेली जाड तार पुढच्या मोकळ्या तारेइतकी, फक्त तिसऱ्या तारेवर चौथा फ्रेट. ट्यूनरमध्ये 440 हा (ए या सुराच्या कंपनांचा) आकडा बदलता येतो, तेही वापरा. कॅपो लावल्यावर पुन्हा एकदा तारा तपासा. घट्ट कॅपो सूर चढवतो.

उजव्या हाताला ठेका शिकवा

मेट्रोनोमची टकटक चांगली, पण तबल्याचं अ‍ॅप लावून केरवा वाजवणं जास्त उपयोगी. धा गे ना ती, ना क धी ना. पहिल्या धा वर अंगठ्यानं जाड तार, बाकी मात्रांवर बारीक तारांवर हलका झपका. पाचव्या मात्रेला, म्हणजे खालीला, डग्गा गप्प होतो. तुम्हीही जाड तार सोडून द्या, फक्त वरच्या तारा. सातव्या धी ला डग्गा परत येतो, तिथे अंगठा परत. एवढं केलंत की ढोलकीवाला तुमच्याकडे बघून हसतो. सगळ्या तारा सगळ्या मात्रांवर बडवणारा गिटारवाला ताल धरणाऱ्याला नको असतो, कारण तो डग्ग्यावर बसतो.

दादऱ्याला सहा मात्रा: एक जाड, दोन हलक्या, पुन्हा एक जाड, दोन हलक्या. लय मिनिटाला 60 मात्रांपासून सुरू करा. दर आठवड्याला थोडी वाढवा, पण हात अडखळला की खाली या.

कुठे वाजवायचं नाही

भूपातल्या भजनामागे नवशिके सवयीनं सी, एफ, जी फिरवतात. एफ मध्ये म आहे, जी मध्ये नी. दोन्ही भूपात नाहीत. सी आणि ए मायनर मात्र पूर्ण भूपातले. त्या दोघांवर अख्खं भजन निघतं आणि बुवांना अडचण होत नाही. मालकंसात पंचमच नाही, म्हणून सा चा नेहमीचा कॉर्ड धरलात की पंचम घुसतो. तिथे सा आणि त्याचाच वरचा सा एवढ्या दोनच तारा छेडत राहा. गाणं सिनेमाचं असेल तर ही बंधनं सैल. चालीत सगळे सूर येतात.

स्टेजवर जाण्याआधी

इलेक्ट्रो-अकूस्टिक नसेल तर गिटारच्या भोकापुढे नव्हे, बाराव्या फ्रेटच्या बाजूला, वीतभर अंतरावर माइक लावायला सांगा. भोकापुढचा माइक घुमतो. गिटारला पिकअप (आतला माइक) असेल तर रबराची चकती भोकात बसवा, मॉनिटरच्या, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या, पाठमोरे बसू नका आणि आवाज वाढवण्याआधी बास थोडा कमी करून घ्या. शिट्टी बहुधा तिथूनच येते. साउंडवाल्याला तारांचा जादा संच, कॅपो आणि ट्यूनर दाखवायची गरज नाही. पण ते तीनही बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, वरती, हाताला लागतील असे ठेवा.